सायलेन्सरमधलं पाणी : जुनी स्पोर्ट्‌स कार घेण्याआधी

जानेवारीत एखाद्या दिवशी सकाळी साडेसहाला उठायचं धाडस करा आणि मुकुंदवाडीला जालना रोडच्या कडेला जाऊन उभे राहा. शेंद्र्याकडे शिफ्टला निघालेल्या गाड्या दिसतील. जवळजवळ प्रत्येकीच्या सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघत असते, आणि जी गाडी नुकतीच घरून निघालेली आहे तिच्या नळीतून पाण्याचे थेंबही टपकत असतात. त्याच ठिकाणी दुपारी दोनला परत या. गाड्या त्याच, पण वाफ नाही आणि थेंब नाहीत. म्हणजे दुपारपर्यंत सगळ्यांनी गाड्या दुरुस्त करून घेतल्या का? नाही ना! हे आपल्याला कळतं. पण हेच थेंब आपण विकत घ्यायला गेलेल्या गाडीच्या मागे दिसले की मात्र पोटात गोळा येतो. सोबत आलेला मित्र कानात म्हणतो, "हेड गॅस्केट गेलंय रे, सोड." आणि विकणारा मोठ्याने म्हणतो, "अहो, पाणी येणं नॉर्मल आहे, इंजिन एकदम टकाटक!" गंमत अशी की दोघांचंही म्हणणं खरं असू शकतं. नेमकं कोणाचं खरं, हे कसं ओळखायचं, यासाठी हा लेख.

आता कोणी म्हणेल, हॉस्टेलच्या पोरांना स्पोर्ट्‌स कारचं काय कौतुक? इथे महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर वडापावसुद्धा उधार. पण आपलं शहर या बाबतीत जरा वेगळं आहे. २००१ साली शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि ऑक्टाव्हिया तिथे तयार होऊ लागली. पुढे ऑडीच्या गाड्यांची जुळणीही तिथेच सुरू झाली. मग ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक, डॉक्टर वगैरे मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या. तो सगळा व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता आणि तेव्हाच्या औरंगाबादचं नाव देशभर गाजलं होतं. या सगळ्या गाड्यांचं पुढे काय होतं? त्या जुन्या होतात, दुसऱ्याकडे जातात, मग तिसऱ्याकडे, चौथ्याकडे. ऑक्टाव्हियाचीच आरएस नावाची बहीण होती. १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, वर टर्बो, आणि १५० हॉर्सपॉवर. २००० च्या दशकात आपल्याकडे ज्यांना गाडीचं वेड होतं त्यांच्यासाठी तीच स्पोर्ट्‌स कार. अशा गाड्या आज नव्या छोट्या हॅचबॅकच्या किमतीत, कधी त्याहूनही कमीत मिळतात. म्हणून पहिल्या नोकरीचा पहिला पगार झाला की आपले सीनिअर्स जाऊन बघतात ती अशीच एखादी गाडी. घेणं स्वस्त पडतं. पण इंजिन खोलायची वेळ आली तर पार्ट्‌सचा भाव गाडी नवी होती तेव्हाच्या ऐपतीचाच असतो.

तर मुळात पाणी येतं कुठून? हे अकरावीच्या केमिस्ट्रीत आहे, फक्त तेव्हा आपण ते मार्कांसाठी पाठ केलं. पेट्रोल म्हणजे हायड्रोकार्बन. त्यातला कार्बन जळून कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजन जळून पाणी. ऑक्टेनचं समीकरण मांडून बघा. ११४ ग्रॅम ऑक्टेन जळला की १६२ ग्रॅम पाणी तयार होतं. म्हणजे जेवढं इंधन त्याच्या जवळजवळ दीडपट पाणी! (वजन वाढलं कसं म्हणाल, तर ऑक्सिजन हवेतून आला.) पेट्रोलची घनता ०.७४ च्या आसपास धरली तर एक लिटर पेट्रोलमागे साधारण एक लिटर पाणी येतं. खरं पेट्रोल म्हणजे निव्वळ ऑक्टेन नव्हे, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी भरतं, पण फार नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं तरी या हिशोबात मोठा फरक पडत नाही. पन्नास लिटरची टाकी जाळली की पंचेचाळीस-एक लिटर पाणी सायलेन्सरवाटे बाहेर. आपल्या मेसमधले वीस लिटरचे दोन जार भरून वर उरेल. ज्या शहरात नळाला अनेक दिवसांआड पाणी येण्याची सवय लोकांना लागलेली आहे, तिथे प्रत्येक गाडी रोज पाणी तयार करत फिरते आहे, याचा कोणीतरी विचार करायला हवा! असो.

हे पाणी एरवी दिसत नाही, कारण ते वाफेच्या रूपात असतं. धुरातल्या वाफेचं प्रमाण साधारण तेरा-चौदा टक्के असतं. एवढ्या वाफेचा दवबिंदू काढला तर तो ५० ते ५५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान येतो. म्हणजे सायलेन्सरचा पत्रा याहून थंड असेल तर वाफेचे थेंब होणारच. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर बाहेरून पाणी जमतं तसंच हे, फक्त इथे ते नळीच्या आतून जमतं. इंजिनाजवळचा भाग एक-दोन मिनिटांत तापतो, पण मागचा मोठा डबा तापायला वेळ लागतो. गाडी नुसती उभी करून चालू ठेवली तर दहा-पंधरा मिनिटंही लागतात. पावणेदोन-दोन लिटरचं इंजिन आयडलिंगला तासाला साधारण एक लिटर पेट्रोल पितं. म्हणजे पंधरा मिनिटांत पाव लिटर पाणी तयार झालं, मेसच्या स्टीलच्या ग्लासभर. त्यातलं बरंचसं वाफ म्हणून निघून जातं, पण थोडं जरी मागच्या डब्यात साचलं आणि मग कोणी ॲक्सिलरेटर दाबला की नळीतून पिचकारी मारल्यासारखं बाहेर येतं. पाहणारा घाबरतो. घाबरायचं कारण नसतं. उलट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत असेल तर न जळलेला मालही तिथे जळून आणखी थोडं पाणी होतं. "पाणी टपकतंय ना? मग गाडी जिवंत आहे," असं एका मिस्तरींच्या तोंडून ऐकलं होतं. वाक्य अर्धंच बरोबर आहे, पण सुंदर आहे.

आता हवामानाकडे येऊ, कारण इथेच आपली सगळ्यात जास्त फसगत होते. जुनी गाडी कशी तपासावी यावर आपण जे वाचतो-बघतो ते बहुतेक थंड देशांतलं असतं. ते लोक सांगतात, पांढरी वाफ दिसली तरी काळजी करू नका. त्यांच्याकडे ते खरं आहे. बाहेर शून्य अंश असेल तर पूर्ण तापलेल्या गाडीचीही वाफ दिसत राहते, कारण धूर बाहेरच्या थंड हवेत मिसळताना वाटेत संपृक्त होतो. आपल्याकडे जानेवारीत सकाळी दहा-बारा अंश असतं. तेव्हा गाडी थंड असताना वाफ छान दिसते, पण सायलेन्सर तापला की ती विरत जाते आणि वीसेक मिनिटं गाडी चालवल्यावर जवळजवळ नाहीशी होते. आणि मे महिन्यात, चाळीस अंशाच्या कोरड्या हवेत, निरोगी गाडीची वाफ दिसायचं कारणच नाही. ज्यांनी सायक्रोमेट्रिक चार्ट पाहिलाय त्यांनी दोन बिंदू मांडून मधली रेषा ओढून बघावी, ती सॅच्युरेशनच्या वक्राला शिवतसुद्धा नाही. म्हणून एकच पांढरा धूर जानेवारीतल्या सकाळी सात वाजता काहीच सांगत नाही आणि मेमध्ये भर दुपारी फार मोठी गोष्ट सांगतो. पावसाळ्यात हवा दमट, त्यामुळे परिस्थिती या दोहोंच्या मधली.

उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी. मेमध्ये नळी कोरडी आहे यावरून गाडी चांगली ठरत नाही. आमच्या विंगमधल्या एका मित्राच्या दादाची गोष्ट सांगतो. त्याने थंडीत एक गाडी पाहिली. सकाळी मागे थेंब पडत होते, म्हणून सोडून दिली. ती गाडी नंतर त्यांच्याच ओळखीत कोणीतरी घेतली आणि ती आजही व्यवस्थित चालते आहे. दादाने मग उन्हाळ्यात, दुपारी चारच्या सुमारास दुसरी टर्बो गाडी पाहिली. नळी कोरडी ठणठणीत, धूर नाही, पिकअप जबरदस्त. सौदा झाला. साडेचार लाख, त्यातले निम्मे वडिलांच्या रिटायरमेंटच्या पैशांतले. पहिल्या महिन्यात दोनदा कूलंट कमी झालं तेव्हा त्याने वर पाणी ओतलं. तिसऱ्यांदा जालन्याहून येताना टेंपरेचरचा काटा लाल रेषेत गेला. हेड उतरवावं लागलं, लेथवर नेऊन त्याचं फेसिंग करावं लागलं, आणि एवढं करूनही गाडी पहिल्यासारखी झाली नाही. तो पहायला गेला तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "आत्ताच पेट्रोल भरून आणली." कोणाचं नाव घ्यायचं कारण नाही. पण दादाने दोन्ही वेळा नळीकडेच पाहिलं आणि दोन्ही वेळा नळीने त्याला चुकीचं उत्तर दिलं.

असं का होतं याचा हिशोब कोणी मांडताना मला दिसला नाही, म्हणून इथे मांडतो. समजा गाडी दहाचं ॲव्हरेज देते आणि पाचशे किलोमीटर चालली. पेट्रोल जळलं पन्नास लिटर, म्हणजे निव्वळ ज्वलनातून पाणी तयार झालं सुमारे पंचेचाळीस लिटर. आता समजा हेड गॅस्केट झिरपतंय आणि या पाचशे किलोमीटरमध्ये अर्धा लिटर कूलंट इंजिनात जाऊन जळलं. इंजिनाच्या दृष्टीने हे फार वाईट आहे, अशी गाडी कधीही हातात येऊ शकते. पण नळीतून निघणाऱ्या एकूण पाण्यात या गळतीचा वाटा किती? एक टक्क्याच्या आसपास! शंभरात एकाचा फरक तुमचा-माझा डोळा ओळखेल? मिस्तरींचा अनुभवी डोळाही ओळखणार नाही. नळीतून कूलंटचा धूर धो-धो दिसायला लागतो तेव्हा रोग शेवटच्या टप्प्यात गेलेला असतो, आणि तेव्हा तो ओळखायला कोणा जाणकाराची गरजही नसते. त्यामुळे लवकर ओळखायचं असेल तर गाडीच्या मागे उभं राहून भागणार नाही. बॉनेट उघडून कूलंटच्या बाटलीकडे जायला हवं. मागून पंचेचाळीस लिटर वाहून जातंय, त्याचा हिशोब लागत नाही. पण पुढे बाटलीत जेमतेम लिटर-दीड लिटर असतं. त्यातलं अर्धा लिटर गेलं तर लहान मुलालाही दिसेल.

गळती होते कशी हे समजलं की काय तपासायचं ते आपोआप सुचतं. खाली ब्लॉक, वर हेड, मध्ये गॅस्केट. गॅस्केटमध्ये सिलिंडरची भोकं असतात आणि त्यांच्या बाजूने कूलंटच्या वाटा. जुन्या इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. प्रत्येक वेळी इंजिन तापलं-निवलं की गॅस्केटवर दोन्हींची ही ओढाताण होते. त्यात इंजिन एकदा बेदम तापलं तर हेड वाकतं आणि केसाएवढी फट पडते. आता दाब बघा. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमध्ये पन्नास बार किंवा त्याहून जास्त दाब असतो, टर्बो गाडीत तर आणखी जास्त, आणि कूलंटमध्ये फक्त एक-दीड बार. मग गाडी चालू असताना फटीतून काय जाणार? पाणी आत जायच्या आधी गॅस बाहेर कूलंटमध्ये घुसणार. म्हणजे बाटलीत बुडबुडे, होजपाइप दगडासारखे कडक. गाडी बंद केली की उलटं होतं. सिलिंडरमधला दाब जातो, पण गरम कूलंट अजून दाबाखाली असतं. मग रात्रभर ते थेंब-थेंब सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन काही सेकंद लंगडतं, एक सिलिंडर मिस होतो, मागून पांढऱ्या धुराचा एक मोठा लोट येतो, आणि मग सगळं सुरळीत. दिवसभर पुन्हा काही नाही. हाच तो क्षण बघायचा असतो, आणि विकणारा आधीच गाडी गरम करून ठेवतो तो नेमका याच क्षणासाठी.

म्हणून पहिली अट ही घाला की गाडी रात्रभर बंद पाहिजे आणि आम्ही आल्याशिवाय स्टार्ट करायची नाही. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर नम्रपणे म्हणा, "काका, आम्ही उद्या सकाळी येतो." वाद घालू नका. गाडी थंड असतानाच कूलंटची बाटली बघा. पातळी खालच्या आणि वरच्या रेषेच्या मध्ये हवी. स्केचपेनने बाहेरून एक बारीक खूण करून ठेवा, विकणारा हसला तर हसू द्या. रंग बघा. स्कोडा-ऑडी घराण्यात कूलंट बहुतेक गुलाबी किंवा जांभळट असतं, इतरांत हिरवं, निळं. बिनरंगाचं नळाचं पाणी असेल तर कोणीतरी वारंवार वरून भरतंय असं समजायला जागा आहे. तपकिरी चिखल, वर तेलाचा तवंग असेल तर फार विचार करू नका. आणि पिवळा गाळ दिसला तर जपून! रेडिएटर गळायला लागला की त्यात हळद टाकायची ही आपल्याकडच्या ट्रकवाल्यांची जुनी युक्ती आहे. हळद भोकात जाऊन बसते आणि गळती काही दिवस थांबते. रस्त्यात अडकलेल्या ट्रकसाठी ठीक, पण टर्बो इंजिनाच्या बारीक वाटांमध्ये हळद म्हणजे हृदयाच्या नळीत गुठळी. बाजारात मिळणारी गळती बंद करायची पावडरही त्याच जातीची.

यानंतर ऑइल भरायचं झाकण उघडा. आतल्या बाजूला सायीसारखा, मळकट लस्सीसारखा थर असेल तर तेलात पाणी मिसळलंय. मात्र इथेही घाई नको. गाडी रोज फक्त दोन किलोमीटर चालत असेल, त्यात थंडी असेल, तर झाकणाखाली नुसत्या बाष्पाने असा थर जमतो. डिपस्टिक बाहेर काढा. तिच्यावरचं तेल स्वच्छ तेलासारखं असेल तर थर फक्त वरवरचा. डिपस्टिकवरही लस्सी असेल तर हात जोडा आणि निघा.

आता स्टार्ट करायला सांगा आणि मागे उभे राहा. जागा मोकळी हवी, बंद पार्किंगमध्ये कधीही नको, कार्बन मोनॉक्साइड वास देऊन येत नाही. पहिले दहा सेकंद कान द्या. इंजिन लंगडतं का? मग नळीसमोर फूटभर अंतरावर कोरा पांढरा कागद धरा. असाइनमेंटचा चालेल. त्यावर थेंब पडतील. कागद बाजूला ठेवून वाळू द्या. नुसतं पाणी असेल तर डाग राहत नाही किंवा काजळीचे बारीक ठिपके राहतात. थंड इंजिनात मिश्रण जाड असतं, त्यामुळे थोडी काजळी पाण्याबरोबर येणारच. नव्या पद्धतीच्या, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात तर जास्तच. कागद भज्यांच्या कागदासारखा अर्धपारदर्शक झाला तर तेल आहे, आणि मग धुरातही निळसर झाक दिसते. टर्बो गाडीत हे टर्बोच्या सीलमधूनही येऊ शकतं.

आणि मग गाडी चालवा. गल्लीत फेरी मारून काही कळत नाही. मुकुंदवाडीहून निघालात तर जालना रोडने चिकलठाणा, विमानतळ, केंब्रिज चौक करत शेंद्र्यापर्यंत जा आणि परत या. इंजिन, सायलेन्सर, सगळं नीट तापतं. टेंपरेचरचा काटा मध्यावर येऊन तिथेच थांबायला हवा, ट्रॅफिकमध्ये वर आणि मोकळ्या रस्त्यावर खाली असा नाचायला नको. परत आल्यावर गाडी चालू ठेवूनच मागे जा. या वेळी नळी आतून कोरडी हवी. आता जर पांढरा धूर येत असेल, हवेत पसरून बराच वेळ तरंगत असेल, आणि गोडसर वास असेल, तर ते कूलंट आहे. कूलंटमध्ये पाण्याबरोबर ग्लायकोल असतं. ते १९७ अंशाला उकळतं, त्यामुळे पाण्याची वाफ विरली तरी त्याचे बारीक कण मागे राहतात आणि धूर जड दिसतो. वास लांबूनच घ्या, नळीला नाक लावू नका. बोटाने चाखून बघायचा सल्ला कोणी दिला तर त्याच्यापासून लांब राहा, ग्लायकोल विषारी आहे. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण तर चुकूनही उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, झाकण सैल झालं की उसळून तोंडावर येतं.

इथपर्यंत सगळं ठीक वाटलं तरी साडेचार-पाच लाखांचा प्रश्न असेल तर दोनशे-पाचशे रुपयांच्या चाचणीत कंजुषी करू नका. एक चाचणी तर आपल्या केमिस्ट्री लॅबमधलीच आहे. ब्रोमोथायमॉल ब्लू आठवतंय? टायट्रेशनवाल्यांना आठवेल. कूलंटच्या बाटलीच्या तोंडावर एक नळी बसवून आतली हवा या निळ्या द्रावणातून ओढतात. कूलंटमध्ये ज्वलनाचा गॅस घुसत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने द्रावण आम्लधर्मी होतं आणि निळ्याचं हिरवं, मग पिवळं होतं. काही अनुभवी मिस्तरी हेच काम पीयूसीच्या मशीनने करतात. मशीनचा प्रोब उघड्या बाटलीच्या तोंडावर धरायचा, पाण्यात बुडवायचा नाही. गाडी थंड असताना झाकण काढून मग स्टार्ट केलेली असली पाहिजे, हे आलंच. कूलंटच्या बाटलीवर हायड्रोकार्बनचा आकडा येण्याचं काहीही कारण नाही. तो आला तर गॅस्केटमधून किंवा तडकलेल्या हेडमधून गॅस येतोय. आणखी खात्री हवी असेल तर स्पार्क प्लग काढायला लावा. ज्या सिलिंडरमध्ये पाणी जातं तिथला प्लग बाकीच्यांपेक्षा विचित्र स्वच्छ असतो, जणू वाफेने धुतलेला.

टर्बो गाडीची एक वेगळी भानगड आहे. बऱ्याच टर्बोंना थंड ठेवायला तेलाबरोबर कूलंटही फिरवलेलं असतं. टर्बोचं घर तडकलं तर कूलंट सिलिंडरमध्ये न जाता सरळ एक्झॉस्टमध्ये जातं. मग प्लग चांगले, कॉम्प्रेशन चांगलं, ब्रोमोथायमॉलही निळंच, आणि तरी बाटली रिकामी होते व मागून पांढरा धूर येतो. अशा वेळी थंड इंजिनात कूलंटला हातपंपाने एक बारचा दाब देऊन काटा किती वेळ टिकतो ते बघतात. काटा खाली येतोय आणि जमिनीवर थेंब नाही, म्हणजे गळती आतच कुठेतरी आहे.

स्पोर्ट्‌स कार बहुतेक घरात दुसरी-तिसरी गाडी असते. रविवारी काढायची, चौकापर्यंत न्यायची, परत लावायची. यामुळे मागचा डबा कधी पूर्ण तापतच नाही आणि साचलेलं पाणी आतच राहतं. ते नुसतं पाणी नसतं, धुरातल्या वायूंमुळे किंचित आम्लधर्मी असतं. डबा आतून सडतो, वरून मात्र चकचकीत. बऱ्याच सायलेन्सरला खालच्या बाजूला पाणी निघायला एक बारीक भोक कंपनीच ठेवते. तिथून टपकणाऱ्या पाण्याला गळती समजून कोणी ते वेल्डिंगने बुजवलेलं असेल तर डब्याचं आयुष्य संपलंच म्हणा. लाकडाने हलकेच ठोकून बघा, चांगला पत्रा खणकतो, सडलेला भदभद वाजतो. सायलेन्सर बदलणं इंजिनापुढे किरकोळ खर्च आहे, पण किंमत पाडून मागायला चांगला मुद्दा आहे. मूळ सायलेन्सर काढून फ्री फ्लो लावलेला असेल तर मात्र प्रश्न सायलेन्सरपुरता राहत नाही. ज्याने तो लावला त्याने इंजिनाचं प्रोग्रॅमिंग बदलून टर्बोचा दाबही वाढवला होता का, हे विचारा. गॅस्केटवर पडणारा ताण तिथूनच वाढतो.

गाडीच्या पुढच्या बाजूला, डाव्या सीटच्या खाली वगैरे स्वच्छ पाणी टपकताना दिसलं तर ते एसीचं आहे. ते टपकायलाच हवं. पावसाळ्यात एसी लावून अर्धा तास झाला आणि खाली एकही थेंब नाही, तर एसीचीच चौकशी करा.

टेस्ट ड्राइव्हनंतर टोकन लगेच द्यायचं नाही. गाडी तिथेच रात्रभर उभी राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, स्टार्ट करायच्या आधी, स्केचपेनची खूण पुन्हा बघा. कालही थंड असतानाच खूण केली होती, त्यामुळे पातळी तिथेच यायला हवी. ती बोटभर खाली असेल तर विकणाऱ्याला विचारा, पाणी कुठे गेलं? जमीन कोरडी असेल आणि त्याच्याकडे उत्तर नसेल, तर मुकुंदवाडीहून हॉस्टेलला यायला शेअर रिक्षा मिळतेच.